गोड्या दर्याची जत्रा

खानदेशाला समुद्र नाही आणि त्याची कुणाला खंतही नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाला समुद्र भेटतो तो देवाच्या वाटेवर. सोमनाथ, द्वारका, रामेश्वर, जगन्नाथपुरी अशी एखादी यात्रा गल्लीतले चार जण मिळून ठरवतात, बस ठरते, दशम्या आणि चिवड्याचे डबे भरले जातात आणि आमच्या आया-मावश्या आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहतात. लाटेत पाऊल बुडवायच्या आधी त्या तिला हात जोडतात, पाणी डोळ्यांना लावतात, मग एवढंसं तोंडात घेऊन थुंकतात. घरी आल्यावर वर्णन असतं ते देवळाचं, गर्दीचं, धर्मशाळेतल्या ढेकणांचं. समुद्राबद्दल एकच वाक्य: लय मोठा आहे बाई.

माझा एक मित्र नेमका उलट्या बाजूचा, गुहागर तालुक्यातला. वेळणेश्वराच्या पुळणीवर लहानाचा मोठा झालेला. त्याच्या लेखी देऊळ म्हणजे मागे माड, पुढे वाळू आणि कानात सतत गाज. नोकरीपायी तो जळगावात आला आणि इथल्या उन्हाला शिव्या घालत का होईना, टिकला. ‘तुमच्याकडे पाण्याकाठचा देव कुठे आहे?’ असं त्यानं एका हिवाळ्यात विचारलं. विचारण्यात चेष्टा होती. मी म्हटलं, माघ वद्य एकादशीला सुट्टी टाक.

माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगर आणि चांगदेव इथं यात्रा भरते. जळगावहून साठेक किलोमीटर. भुसावळ मागे पडलं, वरणगाव आलं की रस्त्याच्या कडेनं दिंड्या दिसू लागतात. पुढे भगवी पताका, मागे टाळकरी, त्यांच्या मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, आणि सगळ्यात शेवटी पाण्याची टाकी बांधलेला ट्रॅक्टर. शेजारून केळीनं भरलेले ट्रक उत्तरेकडे धावत असतात. हा सुरत-नागपूर-कोलकात्याचा जुना सहा नंबरचा महामार्ग. आता त्याचा नंबर त्रेपन्न झाला, पण ट्रकवाले अजून ‘सिक्स’ म्हणूनच ओळखतात. मित्राला भूक लागली होती. भरीत-पुरी मिळेल या आशेनं त्यानं दोन ढाब्यांवर चौकशी केली. एकादशीला मुक्ताईच्या वाटेवर वांगं मागणारा हा पहिलाच गिऱ्हाईक असावा. शेवटी केळीचे वेफर्स, भगर आणि शेंगदाण्याची आमटी यांवर त्याची समजूत काढली. जळगावचा वेफर उपासाला चालतो, ही या जिल्ह्यावर देवाची खास मर्जीच म्हणायची.

चांगदेव हे गाव तापी आणि पूर्णेच्या संगमावर आहे. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून सातपुड्याच्या कुशीतून, बऱ्हाणपूरवरून येते. पूर्णा येते अमरावती, अकोला, बुलढाणा असा सगळा वऱ्हाड ओलांडून. एरवी दोन नद्या मिळाल्या की दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतं, मग एक होतं. इथं तसं काही दिसत नाही, कारण खाली हतनूरचं धरण आहे. 1982 साली पूर्ण झालेलं, एक्केचाळीस दरवाजांचं. त्याची फूग मागे संगमापर्यंत आणि दोन्ही नद्यांच्या पात्रांत वर शिरते. त्यामुळे माघात चांगदेवच्या काठावर उभं राहिलं की समोर नदी नसतेच. पसरट, निळंकरडं पाणी असतं, पलीकडचा काठ धुरकट, आणि मध्येच चक्रवाकांची केशरी रांग बसलेली. हिवाळ्यात इथं बदकांची मोठी वस्ती असते. पक्षी बघणारे लोक दुर्बिणी घेऊन येतात आणि यात्रेचे लोक त्यांच्याकडे बघत राहतात.

मित्र बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘गाज नाही रे.’

तेवढं मात्र खरं. या दर्याला आवाज नाही. भरती-ओहोटी आहे, पण ती वर्षातून एकदा. पावसाळ्यात वरून पूर आला की धरणाचे दरवाजे उघडतात, गढूळ पाणी सुटतं. पावसाळा सरता सरता दरवाजे मिटतात आणि पाणी पायऱ्यांपर्यंत चढून बसतं. उन्हाळा येतो तसं ते सरकत मागे जातं, मागे काळा गाळ उघडा पडतो आणि लोक त्यात गाळपेर करतात. काकड्या, टरबूज, डांगर. हरिहरेश्वरला ओहोटी असेल तेव्हाच खडकांतल्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणा पुरी करता येते. भरतीत उतरणाऱ्याला तिथले लोक ओरडून परत बोलावतात. कोकणात देवाच्या वेळा समुद्र ठरवतो. आमच्याकडे धरणावरची कचेरी ठरवते.

देऊळ काठावरच आहे. काळ्या दगडाचं, रुंद, बसकं, माथ्यावर शिखर नाही. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक, त्यामुळे तसा फलक आणि त्यावर दंडाची धमकी. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. खानदेशात जुनं दगडी देऊळ दिसलं की ते हेमाडपंती आणि जुनी विहीर दिसली की ती अहिल्याबाईंची, असा सरसकट नियम आहे. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या नावावर खपणारी कितीतरी देवळं त्याच्या जन्माआधी उभी राहिली होती. हे देऊळ बाराव्या-तेराव्या शतकाकडचं मानतात. चुन्याविना, चिऱ्यावर चिरा बसवून केलेलं काम. दोन चिऱ्यांच्या सांध्यावर मी नख फिरवून पाहिलं. नख अडकलं नाही. माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत खांब गुळगुळीत आणि काळपट झाले आहेत, तेलकट हातांनी, टेकलेल्या पाठींनी, आणि त्याच्या वर दगड कोरडा, करडा, खरबरीत. शतकानुशतकांची गर्दी केवढ्या उंचीची होती हे त्या रेषेवरून कळतं. आमच्यापेक्षा ठेंगणे होते लोक.

आत चांगदेवाला नमस्कार करायची रांग होती. फार मोठी नव्हती.

चांगदेवाची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही, तरी तापीकाठी बसून ती पुन्हा सांगितली जातेच. चौदाशे वर्षं योगबळानं जगलेला हा सिद्ध. काळ येतोय असं दिसलं की प्राण ब्रह्मांडी चढवून बसायचा, काळ निघून गेला की पुन्हा उतरायचा. ज्ञानदेवांची कीर्ती कानावर आली तेव्हा त्यानं त्यांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यालाच अडला. वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं तर ज्ञानानं मोठे. तीर्थरूप लिहावं तर पोर. शेवटी कोराच कागद धाडला. त्यावर ज्ञानदेवांची बहीण मुक्ताबाई म्हणाली ते सगळ्यांना ठाऊक आहे: एवढी शतकं जगून हा कोरा तो कोराच. मग ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच चांगदेव पासष्टी. पुढे वाघावर बसून, सापाचा चाबूक करून तो भेटायला निघाला आणि ही चार भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. शेवटी त्यानं गुरू केलं ते या भावंडांतल्या सगळ्यात धाकटीला. मुक्ताबाईला.

आणखी एक चांगदेव खानदेशातच होऊन गेला आणि लोक दोघांची गल्लत करतात. भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. चाळीसगावजवळच्या पाटण इथं त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तसा शिलालेख तिथं आहे, 1207 सालचा. एकाच शतकात, एकाच मुलखात दोन चांगदेव, एक काळ मोजणारा आणि एक काळाला चुकवणारा. पण त्या गणित्याच्या नावानं यात्रा भरत नाही.

खरं तर या योगी चांगदेवाच्या नावानंही भरत नाही, आणि मला या यात्रेत दरवेळी गंमत वाटते ती याचीच. एवढं मोठं दगडी देऊळ आहे चांगदेवाचं. गाव त्याच्या नावाचं. केंद्र सरकार त्याची राखण करतं. त्याची समाधी मात्र इथं नाहीच, ती गोदाकाठी पुणतांब्याला. आणि माणसं या देवळात येतात ती वाटेवरचं दर्शन म्हणून. चपला काढतात, हात जोडतात, दगडाची तारीफ करतात आणि विचारतात, मुक्ताईकडे कुठून जायचं?

मुक्ताईचं असं काय आहे इथं? पाहायला गेलं तर काहीच नाही. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, सोपानदेवांनी सासवडला. उरलेली दोघं भावंडं, निवृत्तिनाथ आणि मुक्ताबाई, तापीतीरावर आली. वैशाख वद्य दशमीला वादळ सुटलं, वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशी झाली. साल 1297, परंपरेच्या हिशेबानं तिचं वय अठरा. देह नाही, अस्थी नाहीत. निवृत्तिनाथ पुढे त्र्यंबकेश्वरला गेले. मुक्ताई जिथून गेली ती जागा मेहूणची, तापीकाठची. कोथळीचं जुनं देऊळ वेगळं. मुक्ताईनगरात नवं मोठं मंदिर उठलंय ते आणखी वेगळं. नेमकी जागा कोणती यावर इथं दोन म्हातारे दिवसभर भांडू शकतात. वारकऱ्यानं त्यावर सोपा तोडगा काढलाय, तो तिन्हीकडे जातो. गावाचं जुनं नाव एदलाबाद, ते बदलून मुक्ताईनगर झालं. तालुकाच तिच्या नावाचा झाला. चौदाशे वर्षं जगलेल्याला गाव मिळालं, अठरा वर्षं जगलेलीला तालुका.

संगमावर आंघोळी चालल्या होत्या. बाया लुगडी वाळत घालण्यासाठी दोन टोकं धरून वाऱ्यात उभ्या होत्या. तिथं एक आजीबाई भेटल्या, बुलढाण्यातल्या संग्रामपूरकडच्या. दिंडीबरोबर चालत आलेल्या, टाचांना भेगा, कपाळाला बुक्का. मित्रानं समुद्राबद्दलचं माझं शहाणपण ऐकून घेतलेलं होतंच, त्यानं त्यांनाच विचारलं, ‘आजी, समुद्र पाहिलाय का तुम्ही?’

‘पाह्यला ना. लेकाच्या घरी मुंबईले गेली होती तवा.’

‘कसा वाटला?’

‘कसा म्हंजे? खारट पाणी. खारट पाणी त आमच्या विहिरीत हाय. त्याच्यासाठी मुंबईले कायले जायचं?’

मित्राला वाटलं आजी थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारं. विहीर खणली की पाणी लागतं आणि ते पिता येत नाही, पिकाला देता येत नाही. त्या गावांतल्या माणसाला गोडं पाणी म्हणजे काय ते विचारावं. तो जेव्हा मैलोन्‌मैल चालून संगमावर येतो आणि ओंजळभर पाणी पितो, तेव्हा त्यात पुण्य किती आणि तहान किती याची वाटणी करायला जाऊ नये. आजींनी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये तापीचं पाणी भरून घेतलं, झाकण दातांनी घट्ट केलं आणि होडीकडे निघाल्या. होडीवाला ओरडत होता, ‘चला मुक्ताई, मुक्ताई, दोनच जागा.’ दोन जागांवर सात माणसं बसली. आम्हीही.

होडीत मात्र माझा कोकण्या मित्र खुलला. वल्ह्याची पद्धत चुकीची, बोजा मागे जास्त, सुकाणूची बाजू कळत नाही, अशा सूचना त्यानं होडीवाल्याला केल्या. होडीवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही समुद्राचे. इथं वाकून पाहू नका, आईला चालत नाही.’ आईला म्हणजे तापीला की मुक्ताईला, ते त्यानं सांगितलं नाही. तापी ही सूर्याची लेक, शनीची बहीण. तिची जयंती आषाढ शुद्ध सप्तमीला मुलताईपासून सुरतेपर्यंत साजरी होते. गंगेत बुडी मारल्यानं, नर्मदेच्या दर्शनानं जे मिळतं ते तापीच्या नुसत्या आठवणीनं मिळतं, असं आमच्याकडे म्हणतात. आळशी माणसांना सोयीची नदी.

पलीकडच्या काठावर कीर्तन चालू होतं. लाउडस्पीकर चारी दिशांना, दोन मंडपांतले दोन महाराज एकमेकांच्या आवाजात मिसळत होते. या गोंगाटाला मी शिव्या घालत आलोय. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाकाठाला जे रंगीत सिमेंट ओतलं जातंय त्यालाही. पण एक सांगायला हवं: गर्दीत बाया जास्त होत्या आणि त्या बायांचा इथला वावर वेगळा होता. विठोबाच्या रांगेत बाई हात जोडून पुढे सरकते. इथं त्या मुक्ताईशी बोलत होत्या. एकीनं तिला नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितलं, मोठ्यानं, मागच्यांची पर्वा न करता. एकीनं नवी चोळी आणली होती, माहेरी आलेल्या लेकीला द्यावी तशी. रागावून झोपडीचं दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना बाहेर काढणारी ही मुलगी, चौदाशे वर्षांच्या सिद्धाला कोरा म्हणणारी. तिच्याशी बोलायला बायांना मध्ये कुणी लागत नाही.

ज्येष्ठात इथून मुक्ताईची पालखी निघते. पंढरपूरला येणाऱ्या मानाच्या पालख्यांत ही सगळ्यांत लांबून चालत जाणाऱ्यांपैकी. बुलढाणा, जालना, बीड असा महिनाभराहून अधिक रस्ता. आळंदी-देहूच्या पालख्यांवर टीव्हीचे कॅमेरे असतात. ही पालखी मराठवाड्याच्या कोरड्या रानातून निघते तेव्हा वाटेतली गावं सोडली तर फारसं कुणी पाहत नाही.

भुसावळला रात्री उशिरा पोचलो. उपास सुटायला अजून सकाळ व्हायची होती आणि मित्राचा वांग्याचा आग्रह कायम होता.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही तापीच्या खालच्या अंगाला, तापी-पांझरा संगमावरच्या कपिलेश्वराला गेलो. अमळनेर सोडलं की बोली पालटते. मुक्ताईनगरकडची लेवा बोली मागे राहते आणि ‘कथा चालनात भाऊ?’ अशी अहिराणी कानावर येते. पांझरा ही धुळ्याची नदी. पिंपळनेरकडून उगवून साक्री, धुळे करत ती मुडावदजवळ तापीत उतरते. येताना ती फार काही आणत नाही, कारण वाटेत लोकांनी तिला आधीच वाटून घेतलेलं असतं. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांवर चालणारी फड पद्धत. बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडांत जातं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी, वाटणी ठरलेली. शेकडो वर्षं ही व्यवस्था गावकऱ्यांनी आपसांत चालवली. देवळाबद्दल मी फार लिहीत नाही; शिवरात्रीची तयारी चालली होती, बांबू ठोकले जात होते, पाळण्यांचे लोखंडी सांगाडे ट्रकमधून उतरत होते आणि पुजारी कामात होता. मला तिथं देवापेक्षा पाणीच जास्त दिसलं. जवळच सुलवाड्याचं बॅरेज, त्याखाली सारंगखेडा, त्याखाली प्रकाशा. वर हतनूर, खाली गुजरातेत उकाई आणि काकरापार. तापी आता पायऱ्या उतरल्यासारखी एका अडवलेल्या पाण्यातून दुसऱ्या अडवलेल्या पाण्यात जाते. समुद्रापर्यंत जायला तिला सहा-सात ठिकाणी परवानगी काढावी लागते.

‘मग शेवट कुठे?’ मित्र म्हणाला. त्याला समुद्राची हुरहुर लागली होती. सुरतेला माझा आतेभाऊ राहतो. आम्ही नरडाण्याला गाडी धरली.

सुरत-भुसावळ ही लाइन ‘ताप्ती व्हॅली’ म्हणून विसाव्या शतकाच्या तोंडावर पडली. त्याआधी हाच मार्ग बैलगाड्यांचा आणि उंटांचा होता. बऱ्हाणपूरचं कापड सुरतेच्या बंदरावर जायचं ते खानदेशातून, आणि हजला निघालेले यात्रेकरूही याच वाटेनं बंदर गाठायचे. जहांगिराच्या भेटीला आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो 1615 साली सुरतेहून निघाला तो नंदुरबारवरूनच बऱ्हाणपूरला पोचला. दोंडाईचा आलं की डब्यात मिरचीचा ठसका शिरतो. नंदुरबारनंतर डोंगर जवळ येतात. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिथं बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं आहे आणि मित्रानं त्यावर बसून दोन्ही राज्यांत मिळून एक वडापाव खाल्ला. पुढे व्यारा, बारडोली, आणि उधना. उधन्याला निम्मा डबा रिकामा झाला. उतरणारे सगळे अहिराणीत बोलत होते.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली भागात खानदेश वसलेला आहे. गेल्या काही पिढ्यांत दुष्काळानं, जमिनीच्या तुकड्यांनी माणसं हलली आणि मागावर, साडीच्या छपाईत, हिऱ्याच्या घासणीत लागली. श्रावणात तिथं कानबाई बसते, रोट होतात आणि तिचं विसर्जन तापीतच होतं. गावाकडे जी नदी, तीच इथं. माझा आतेभाऊ पॉवरलूमवर आहे. बारा तासांची पाळी, कान थोडे गेलेले, म्हणून घरातही मोठ्यानं बोलतो. संध्याकाळी त्याला म्हटलं, चल, डुमसला जाऊ.

‘तुम्ही जा भाऊ. आम्ही कोठे जातस तठे?’

शहरापासून समुद्र पंधरा-वीस किलोमीटर आहे. वहिनी म्हणाली, एकदा पोरांच्या शाळेची सहल गेली होती, तेव्हा पोरं जाऊन आली. आतेभावाचं म्हणणं, ‘समुद्र काय, काल बी तठेच व्हता, सकाय बी तठेच ऱ्हाई.’

आम्ही दोघंच गेलो. वाटेत सिंगणपोरचा कॉजवे लागत नाही, पण मी रिक्षावाल्याला वळसा घालायला लावलं, कारण तापीचं गोडं पाणी संपतं ते तिथं. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला शहराचं पिण्याचं पाणी साठलेलं. खालच्या बाजूला भरतीबरोबर समुद्र आत येतो. भिंतीच्या एका अंगाला जलपर्णी, दुसऱ्या अंगाला चिखल आणि त्यावर चालणारे बगळे. हतनूरच्या एक्केचाळीस दरवाजांतून सुटलेल्या पाण्याला शेवटी ही एक भिंत ओलांडावी लागते.

डुमसची वाळू काळसर. ओहोटी होती, समुद्र दूर गेलेला. दर्या गणेशाचं देऊळ आहे, तिथं आम्ही दर्शन घेतलं. नावात दर्या असलेला गणपती पाहून मित्राला एकदम गुहागरला आल्यासारखं झालं. मग टोमॅटोची भजी खाल्ली, कारण डुमसला जाऊन ती न खाणं हा तिकडे गुन्हा समजतात. गाज होती. मित्र पँट दुमडून चालत चालत पाण्यापर्यंत गेला आणि खूप वेळानं परत आला. उत्तरेकडे हजिऱ्याच्या चिमण्या दिसत होत्या, त्यांच्या अलीकडे कुठंतरी तापीचं मुख. नदी समुद्राला कुठं मिळते ते दाखवता येत नाही. सगळा चिखल आणि पसारा. तिथं घाट नाही, पायरी नाही, कुणी ओंजळ भरत नाही. संगमावर देऊळ बांधणाऱ्या आमच्या लोकांनी या सगळ्यांत मोठ्या संगमाकडे पाठ फिरवली की काय असा विचार आला खरा. पण जिथं पाणी पिता येत नाही तिथं तीर्थ कशाला करायचं, हे संग्रामपूरच्या आजींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

रात्री आतेभावानं मुक्ताईच्या यात्रेची बारकाईनं चौकशी केली. पाणी किती होतं, होडीचे किती घेतले, आपल्या गावाची दिंडी आली होती का, महाराज कोण होते. वहिनीनं प्रसादाची पुडी देवापुढे ठेवली आणि त्यातला एकेक फुटाणा शेजारच्या तिन्ही घरांत पोचवला.

‘यंदा माले पायी जावानं शे,’ तो म्हणाला. ‘पालखीनासंगे. पंढरपूर लगून.’

वहिनी म्हणाली, महिनाभर खाडा पडेल, शेठ जागेवर दुसरा माणूस घेईल.

‘शेठनी सुट्टी दिधी ते बरं. नही दिधी ते पुढला साल.’ मग माझ्याकडे वळून त्यानं सांगितलं, पालखी ज्येष्ठात नेमकी कोणत्या तिथीला निघते ते फोन करून कळव, म्हणजे उधन्याहून रिझर्व्हेशन काढता येईल. वेटिंग लवकर लागतं.